थोरला, धाकटा आणि माझी रजा

ऑफिसात आपल्याला एखादं काम येतं हे माणसाने कधीही दाखवू नये. मी एकदा प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढून काढला. कागद फाटला, अर्धा आतच राहिला, पण बाहेर आलेला अर्धा नेमका साहेबांनी पाहिला आणि "तुम्हाला मशीनमधलं कळतं" असं सगळ्यांदेखत जाहीर करून टाकलं. त्या दिवसापासून आमच्या पाणीपुरवठा कार्यालयातली वायर असलेली प्रत्येक वस्तू माझी झाली. पंखा कुरकुरला की मला हाक येते. साहेबांच्या सुनेच्या मोबाइलमधले फोटो गायब झाले तेव्हाही मलाच बोलावलं होतं. मी मूळचा पत्रव्यवहार बघणारा कारकून. पण हे आता माझ्या बायकोशिवाय कोणाला आठवत नाही, आणि तिलाही फक्त भांडणात आठवतं.

या सगळ्या वस्तूंमध्ये मानाची वस्तू म्हणजे सर्व्हर. पूर्वी झाडू आणि फिनेल ठेवायची एक खोली होती, तिथे तो बसवलाय, म्हणून ऑफिसात त्याला सगळे 'कपाट' म्हणतात. शहरातल्या कुठल्या रस्त्याखालून कुठला पाइप गेलाय त्याचे सगळे नकाशे या कपाटात. त्याला दोन मोठ्या डिस्क. जुने नकाशे असलेला तो थोरला, नवे नकाशे असलेला तो धाकटा. ही नावं मी ठेवली नाहीत, पण वापरता वापरता त्यांच्याबद्दल थोडी माया मलाही वाटायला लागली, हे कबूल करायला हवं.

कपाटाला एक खोड होती. वीज जाऊन परत आली की ते स्वतः टुणकन जागं व्हायचं, पण थोरल्या-धाकट्याला काही उठवायचं नाही. दोघांचे दिवे लुकलुकताहेत, अंग गरम आहे, पण पडद्यावर फोल्डर उघडावं तर आत शुकशुकाट. मग कोणीतरी त्या फिनेलच्या वासात जाऊन पासवर्ड द्यायचा, एक लांबलचक ओळ टाइप करायची आणि दोघांना हाताला धरून आपापल्या जागी बसवायचं. संगणकवाले याला माउंट करणं म्हणतात. ज्याने कपाट बसवलं त्याला दुसरीकडे चांगली नोकरी लागली. जाताना त्याने ती ओळ माझ्याकडून तोंडपाठ करून घेतली. तिचा अर्थ त्याने सांगितला नाही आणि मीही विचारला नाही. कामाशी काम.

तुम्ही म्हणाल, मग पासवर्ड आणखी एकाला देऊन ठेवायचा. साहेबांचा हुकूम असा, की पासवर्ड एकाच माणसाकडे असावा, म्हणजे काही झालं तर कोणाला धरायचं ते ठरलेलं राहतं. एकदा मी आजारी असताना नाइलाजाने फोनवरून ती ओळ सांगून पाहिली होती. पलीकडे आमच्या तक्रारबाई होत्या. म्हणजे तक्रारी नोंदवून घेणाऱ्या बाई. मी म्हटलं, "आता एक जागा सोडा." त्या खुर्चीवरून उठल्या आणि म्हणाल्या, "सोडली. कोणाला बसायचंय?" तेव्हापासून मी तापातही ऑफिसला जातो.

आणि वीज आमच्याकडे रोज जायची. त्यामुळे माझं सगळं आयुष्य त्या कपाटाच्या दाव्याला बांधलेलं. आमची लेक समुद्राकाठच्या एका गावी नोकरीला आहे. "आई-बाबा, या ना," म्हणून तिचा घसा बसला. एकदा निघालो, तर स्टँडवरूनच फोन आला, परत फिरलो. दुसऱ्यांदा निम्म्या वाटेवर गाडी चहाला थांबली तेव्हा फोन आला. आम्ही दोघं उतरलो, उलटी गाडी पकडली. या गडबडीत बायकोची बॅग तेवढी गाडीत राहिली आणि लेकीकडे जाऊन पोचली. कित्येक महिने तिथेच होती. बायको म्हणायची, "आपल्या घरातली समुद्र बघितलेली ती एकटीच."

या खेपेला तिने मला न विचारता तिकिटं काढली आणि टेबलावर आपटली.

"दोन आहेत," ती म्हणाली. "आलात तर तुम्ही, नाही तर समोरच्या काकूंना घेऊन जाईन. आणि परतीचं काढलेलं नाही."

"म्हणजे परत कधी—"

"ते समुद्र बघून ठरवीन."

ती हसत नव्हती. इतक्या वर्षांच्या संसारात मला एवढं कळतं, की ओरडते तेव्हा घाबरायचं कारण नाही, हळू बोलते तेव्हा आहे. मी त्याच क्षणी ठरवलं. थोरला आणि धाकटा आपले आपण उठून जागेवर बसले पाहिजेत. तिकिटाच्या तारखेच्या आत.

ही गोष्ट मी जिन्यात बोललो, ही पहिली चूक. आमच्या इमारतीत जिन्यात बोललेलं गच्चीवर आधी पोचतं. समोरचे काका वीज खात्यातून निवृत्त झालेले. ते लगेच चप्पल घालून आमच्याकडे आले. "रोग वेगळा, औषध वेगळं," ते म्हणाले. "कपाट बंदच पडू द्यायचं नाही. मोठी बॅटरी लावा." ऑफिसात बॅटरी आहे, पण ती साहेबांच्या केबिनमधल्या पंख्याला लावलेली आहे, हे मी सांगितलं. काका गंभीर झाले आणि म्हणाले, "मग तिथे आपलं काही चालणार नाही." वरच्या मजल्यावरच्या वहिनींचं म्हणणं, त्यांच्या जावयाचं कपाट कधी बंदच पडत नाही. जावई कपड्यांच्या दुकानात असतो. माझा मेव्हणा तर म्हणाला, "भाऊजी, नवीनच घ्या की!" जणू काही कपाट माझ्या बापाचं होतं. उंटावरून शेळ्या हाकायला आमच्याकडे माणसांची कधी वाण पडली नाही.

शेवटी मी स्वतःच कपाटाचं पुस्तक उघडून वाचायला बसलो. आणि कळलं ते इतकं सोपं होतं, की मला स्वतःचाच राग आला. कपाट जागं होताना एक फाईल वाचतं. त्या फाईलमध्ये लिहायचं, की अमक्या डिस्कला तमक्या जागी बसव. एकेका डिस्कला एकेक ओळ. म्हणजे एकूण दोन ओळी. दोन ओळी लिहायच्या, कपाट एकदा बंद करून चालू करून बघायचं, आणि बॅगा भरायच्या.

मी तसं साहेबांना सांगितलं.

"कपाट आत्ता चालू आहे ना?" साहेबांनी विचारलं.

"आहे."

"मग बंद कशाला करायचं?"

"आपोआप नीट चालू होतं का ते बघायला."

"पण ते चालूच आहे की."

आमचे साहेब माणूस म्हणून वाईट नाहीत. त्यांना फक्त कुठलीही गोष्ट आपल्या हातून व्हायला नको असते. त्यांची निवृत्ती जवळ आलेली, आणि तिथवरचा रस्ता त्यांना मांजरीसारखा आवाज न करता पार करायचा होता. ते म्हणाले, भांडार विभागाची मंजुरी आणा. भांडारवाल्याने विचारलं, खर्च किती? मी म्हटलं, काहीच नाही. त्याने चष्मा काढला. "खर्च नसलेल्या कामाला मी मंजुरी कुठल्या नियमाने देऊ?" म्हणाला. "काहीतरी विकत घ्या ना. एखादी वायर घ्या. वायरीबरोबर तुमचं कामही मंजूर करून टाकतो." मग मी वायर मागवली. ती आली, काम मंजूर झालं. वायर अजून खिळ्याला टांगलेली आहे आणि दर वर्षी तिची मोजणी होते.

एवढं झाल्यावर साहेबांनी मधला मार्ग काढला. "तुम्ही त्या ओळी लिहून ठेवा," ते म्हणाले. "पण चालू असलेली वस्तू मी माझ्या हाताने बंद करू देणार नाही. वीज रोज जातेच. गेली की आपोआप परीक्षा होईल. वीज गेली तर त्याला आपण जबाबदार नाही." मला हे पटलं. मी ओळी लिहिल्या आणि वीज जायची वाट बघत बसलो.

वीज गेली नाही.

जी वीज वर्षानुवर्षं रोज न चुकता जायची, ती गेलीच नाही. एक दिवस गेला, दुसरा गेला, आठवडा उलटला. पंखे गरगर फिरताहेत, दिवे झगझगताहेत. अख्खं ऑफिस माझ्या तोंडाकडे बघतंय. तिकिटाची तारीख जवळ येतेय. घरी बायको काही विचारत नव्हती, फक्त समोरच्या काकूंना "तुम्हाला बोट लागते का हो?" असं माझ्या देखत विचारत होती. शेवटी न राहवून मी वीज कंपनीत फोन केला.

"हॅलो, आमच्या भागातली वीज कधी जाणार?"

"आत्ता आहे का तुमच्याकडे?"

"आहे."

"मग तक्रार काय?"

"जात नाहीये."

पलीकडचा गृहस्थ दुखावलेल्या आवाजात म्हणाला, "साहेब, इथे नवीन ट्रान्सफॉर्मर बसवलाय आम्ही. रात्रंदिवस राबलोय. लोक हार घालून गेले. आणि तुम्ही चेष्टा करता?"

"अहो चेष्टा नाही, मनापासून सांगतोय. पाच मिनिटं जरी घालवलीत—"

त्याने फोन ठेवला. त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. समोरच्या काकांना म्हटलं, तुमचे जुने सहकारी असतील, जरा शब्द टाका. काका ताठ झाले. "मी आयुष्यात कधी वीज घालवायला सांगितली नाही," म्हणाले. काकांच्या कारकिर्दीत आमच्याकडे मेणबत्त्यांचा घाऊक व्यापार चालायचा, पण वडीलधाऱ्या माणसाला काय बोलणार!

शेवटी आमचं काम एका कावळ्याने केलं. तो खांबावर कुठेतरी नको तिथे बसला, मोठा आवाज झाला आणि ऑफिसात अंधार पडला. मी आनंदाने टाळी वाजवली. तक्रारबाई म्हणाल्या, "बिचारा कावळा!" तेव्हा मला जरा ओशाळल्यासारखं झालं. तासाभराने वीज आली. कपाट घरघरलं, जागं झालं. मी श्वास रोखून फोल्डर उघडले. एक भरलेलं. दुसरंही भरलेलं! मी कशालाही हात लावलेला नव्हता. मी सगळ्यांना चहा सांगितला, बायकोला फोन केला आणि म्हटलं, "बॅग भर." ती म्हणाली, "माझी भरलेलीच आहे. तुमची भरते." त्या दिवशी मी घरी शीळ घालत गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या इमारतीच्या फाटकासमोर खणण्याचा आवाज आला. खिडकीतून बघतो तर आमच्याच खात्याची माणसं. कोपऱ्यावर कुठेतरी पाइप गळत होता, त्याची दुरुस्ती. पण कोपरा सोडून ते आमचं फाटक खणत होते. मी खाली पोचेपर्यंत या टोकापासून त्या टोकापर्यंत चर पडला होता. सगळ्यांच्या गाड्या आत. मुकादमाच्या हातात नकाशा होता, आमच्याच ऑफिसातून छापून दिलेला. मी तो हातात घेऊन बघितला. तो नकाशा रस्ता रुंद व्हायच्या आधीचा होता. त्या काळी पाइप आमच्या फाटकाखालून जायचा. तो सापडलाही होता. कोरडा ठणठणीत.

झालं होतं असं. मी फाईलमध्ये लिहिलेलं, की पहिली डिस्क जुन्या नकाशांच्या जागी आणि दुसरी नव्या नकाशांच्या जागी बसव. पण पहिली कोण आणि दुसरी कोण, हे कपाट दर वेळी नव्याने ठरवतं. जो आधी उठून ओ देईल तो पहिला. आजवर थोरला आधी उठायचा. त्या दिवशी नेमका धाकटा आधी उठला. मी फोल्डर भरलेत एवढंच बघितलं होतं, कशाने भरलेत ते बघितलं नव्हतं.

चराच्या काठावर इमारतीतली सगळी मंडळी जमली होती. समोरचे काका काठीने चराची खोली मोजत म्हणाले, "पाणी खात्यात एकजात बिनडोक माणसं भरलीत." मग मी दिसलो म्हणून, "तुम्ही सोडून हो." वरच्या वहिनी म्हणाल्या, "ज्याने हा घोळ घातला त्याला याच खड्ड्यात उभं केलं पाहिजे." मी म्हटलं, "अगदी बरोबर." चोराच्या मनात चांदणं, म्हणून जरा जास्तच मोठ्याने म्हटलं. बायको माझ्याकडे टक लावून बघत होती. ती हळूच जवळ आली.

"तुमचंच ना हे?"

"थोरल्याच्या जागी धाकटा जाऊन बसला," मी पुटपुटलो.

"घरोघरी मातीच्या चुली," ती म्हणाली आणि वर निघून गेली.

साहेबांनी त्या दिवशी शहरातलं सगळं खोदकाम थांबवलं. मला केबिनमध्ये बोलावलं. ओरडले नाहीत, त्यांना ओरडणंही स्वतःच्या हातून व्हायला नको असतं. म्हणाले, "हे हात दाखवून अवलक्षण झालं. आता माझ्यासमोर, जेवणाच्या सुट्टीत, काय ते एकदाचं नीट करा. बंद करायचं तर बंद करा. पण परत खड्डा नको." म्हणजे जी परवानगी मी पाया पडून मागत होतो, ती मला एका खड्ड्याने मिळवून दिली.

यावर उपाय होता. प्रत्येक डिस्कला जन्मापासूनचा एक लांबच लांब क्रमांक असतो, अक्षरं आणि आकडे मिसळलेला. तो जगात दुसऱ्या कोणाचा नसतो. 'पहिला', 'दुसरा' म्हणण्याऐवजी हा क्रमांक लिहायचा, म्हणजे कोणी आधी उठो की मागाहून, ज्याची जागा त्यालाच. मी दोघांचे क्रमांक कागदावर काढले आणि तक्रारबाईंना वाचायला बसवलं. त्या वाचत होत्या, मी टाइप करत होतो. मध्येच त्यांचा फोन वाजला. त्या एका दमात "सी, नऊ, चार, हॅलो, नळाला पाणी नाही? किती दिवसांपासून? एफ, दोन," असं बोलत गेल्या. मी अतिशय एकाग्रतेने टाइप करत गेलो.

मग कपाट बंद करून चालू केलं. त्या एवढ्याशा खोलीत साहेब, तक्रारबाई, नकाशे काढणारा ड्राफ्ट्समन आणि भांडारवाला, सगळे माझ्या मानेवर श्वास सोडत उभे होते. पडदा काळा झाला. त्यावर एक ओळ आली आणि पुढे काहीच हलेना.

"काय म्हणतंय?" साहेबांनी विचारलं.

"वाट बघतंय."

"कोणाची?"

"धाकट्याची."

"अहो, धाकटा हा काय समोर बसलाय!"

"तो हाच असं त्याला वाटत नाहीये."

मी लिहिलेल्या क्रमांकाचा धाकटा जगात जन्मालाच आलेला नव्हता, आणि कपाट त्याच्यासाठी अडून बसलं होतं. पंगत वाढून झाली आहे, पण एक पाहुणा आल्याशिवाय कोणी घास घ्यायचा नाही, तशातली गत. पुस्तकात शोधल्यावर यावरही उतारा मिळाला. ओळीच्या शेवटी एक शब्द घालायचा. त्याचा अर्थ साधारण असा, की हा सापडला तर ठीक, नाही सापडला तर त्याच्यावाचून पुढे चला. मी तो शब्द घातला. कपाट ताबडतोब उठलं. सगळ्यांनी हुश्श केलं, जेवणाची सुट्टी संपली होती, मंडळी पांगली. चुकीचा क्रमांक मात्र तिथेच राहिला. कपाट धाकट्यावाचून पुढे चाललं होतं आणि हे कोणाच्या ध्यानातही आलं नाही.

कोणाच्याही नाही म्हणजे, ड्राफ्ट्समनच्या आलं होतं. त्याने नव्या नकाशांचं फोल्डर उघडलं तर रिकामं. दुसऱ्या कोणी बोंब मारली असती. पण हा भला माणूस. त्याला वाटलं, मी जुना पसारा आवरून त्याला कोरं करकरीत फोल्डर दिलंय. त्याने मनातल्या मनात माझे आभार मानले आणि आनंदाने कामाला लागला. पूर्वेकडच्या वस्तीचा अख्खा नकाशा त्याने नव्याने काढला आणि त्या रिकाम्या फोल्डरमध्ये ठेवला. नंतर माझ्या लक्षात आलं, की धाकटा जागेवर नाही. बघतो तर क्रमांकात एक अक्षर चुकलेलं. नळाला पाणी नसलेल्या माणसाचं असणार. मी ते दुरुस्त केलं, धाकट्याला जागेवर बसवलं आणि हात झटकले.

पाठोपाठ ड्राफ्ट्समनची किंकाळी ऐकू आली. "माझा पूर्व भाग गेला!" चांगला सहा फुटी माणूस, टेबलावर डोकं टेकून रडायला लागला. जुने नकाशे होते, नवे होते, पण त्याने काल-परवा काढलेलं काहीच नव्हतं. तक्रारबाईंनी त्याला पाणी दिलं आणि माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी माणसं मारून आलोय. मला तर ब्रह्मांड आठवलं. एकीकडे तो रडतोय, दुसरीकडे घरी माझी बॅग भरून दारात उभी आहे.

मी पुन्हा पुस्तकात डोकं घातलं आणि उलगडा झाला. सतरंजी अंथरायच्या आधी जमिनीवर कोणी काही ठेवलं असेल, तर ते सतरंजीखाली जातं. हरवत नाही, पण दिसतही नाही. धाकटा जागेवर नसताना ड्राफ्ट्समनने आपलं काम जमिनीवर ठेवलं होतं आणि मी वरून धाकट्याला अंथरलं होतं. मी धाकट्याला हळूच उचललं. खाली पूर्व भाग जसाच्या तसा! ड्राफ्ट्समनने मला मिठी मारली. मी त्याला रडवलं होतं हे तो विसरला आणि मीही आठवण करून दिली नाही.

निघायच्या आदल्या दिवशी शेवटची परीक्षा झाली. साहेबांनी कपाट बंद करायला लावलं. चालू झालं. थोरला थोरल्याच्या जागी, धाकटा धाकट्याच्या. या खेपेला मी प्रत्येकातले नकाशे उघडून बघितले. साहेब म्हणाले, पुन्हा. पुन्हा तेच. मग तर त्यांनी भिंतीवरचं बटण स्वतःच्या हाताने, डोळे मिटून, खाली केलं आणि वर केलं. कोणी पासवर्ड दिला नाही, कोणी ओळ टाइप केली नाही. दोघं शहाण्या मुलांसारखे आपापल्या जागी येऊन बसले. मी सगळ्यांकडे वळून बघितलं. टाळ्या वगैरे नको होत्या मला, पण निदान कोणी 'वा' म्हणायला हरकत नव्हती.

साहेब विचारात पडले होते. "म्हणजे हे आपोआप होण्यासारखं होतं," ते म्हणाले.

"हो."

"दोन ओळींत."

"हो."

"मग इतकी वर्षं तुम्ही त्या खोलीत जाऊन नेमकं काय करत होता?"

मी रजेचा अर्ज पुढे सरकवला. ज्या रजेसाठी आजवर मी नाक घासलं, तिच्यावर त्यांनी न वाचता सही केली. "जा, जा. आठ दिवस कशाला, दहा घ्या. आता तुमचं काय काम?" गरज सरो, वैद्य मरो! मी रजेचा कागद खिशात घातला आणि घरी गेलो. मला आनंद व्हायला हवा होता. बायकोला झाला. स्टँडवर गाडी सुटेपर्यंत तिने माझा हात सोडला नव्हता, आणि गाडी चहाला थांबली तेव्हा तिने मला खाली उतरू दिलं नाही.

लेकीचं घर छान आहे. गॅलरीतून समुद्र दिसतो. बायको तासन् तास त्याच्याकडे बघत बसायची. इतकी खूश मी तिला कितीतरी वर्षांत बघितली नव्हती. आणि मी मोबाइलकडे बघत बसायचो. तो वाजत नव्हता. पहिल्या दिवशी बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी मी लेकीला विचारलं, इथे रेंज येते ना? तिने मला समोर उभं राहून फोन करून दाखवला. रेंज येत होती. तिसऱ्या दिवशी माझी जेवणावरची वासना उडाली. वीज गेली असेल, आली असेल, थोरला उठला असेल, धाकटा उठला असेल. आणि ऑफिसात एकाच्याही तोंडी माझं नाव आलं नसेल. मला फार वाईट वाटत होतं, खोटं कशाला बोलू! इतकी वर्षं 'मेला तो फोन' म्हणून ज्याला शिव्या दिल्या, त्याच्या एका रिंगसाठी मी आता काहीही दिलं असतं.

मग एके दिवशी बायको आणि लेक गॅलरीत बसलेल्या बघून मी जिन्यात गेलो आणि ऑफिसला फोन लावला. तक्रारबाईंनी उचलला.

"सहज केला," मी म्हटलं. "कपाट कसं आहे?"

"बंद आहे."

"म्हणजे? वीज गेल्यावर उठलं नाही?"

"वीज कुठे गेलीय! तुम्ही गेलात ना, त्याच संध्याकाळी साहेबांनी बटण बंद करून खोलीला कुलूप घातलं. म्हणाले, तो माणूस इथे नाही आणि हे आपोआप काहीतरी करून बसलं, तर निस्तरणार कोण? ते आले की उघडू."

"अहो, पण त्याला आता माणूस लागतच नाही!"

"तेच तर साहेब म्हणाले. माणूस लागत नाही अशी वस्तू माणसाशिवाय कशी सोडायची?"

"मग कामं?"

"बंदच आहेत सगळी. ड्राफ्ट्समन बहिणीकडे गेलाय. मी स्वेटर विणतेय, दोन्ही बाह्या झाल्या. साहेब दिवसातून दहादा विचारतात, तुम्ही कधी येताय म्हणून. पण तुम्ही सावकाश या हो, आमचं काही म्हणणं नाही."

मी जबाबदार कर्मचारी आहे. त्या वेळी काय बोलायला हवं होतं ते मला पुरतं कळत होतं. 'कुलूप काढा, बटण दाबा, बाकी सगळं आपोआप होईल,' एवढंच सांगायचं होतं. वाक्य तयार होतं, अगदी जिभेवर आलं होतं. एका सबंध शहराचे पाइप त्या वाक्यावर अवलंबून होते.

"बरं," मी म्हटलं. "ठेवतो."

वर आलो तर बायको दारातच उभी. तिचा चेहरा उतरला होता. "ऑफिसचा फोन ना? बोलावलंय?"

"छे गं! आपोआप चाललंय म्हणे सगळं."

"कोणी काही विचारलं नाही?"

"अंहं."

तिने सुटकेचा मोठा निःश्वास टाकला. मग माझ्याकडे बघून तिला माझी थोडी दया आली असावी. माझ्या पाठीवर हात ठेवून ती हळुवारपणे म्हणाली, "वाईट नका वाटून घेऊ. पण बघितलंत ना, तुमच्यावाचून तिथे कोणाचं काही अडत नाही."

प्रसंगाला शोभेल म्हणून मी चेहरा जरा पाडायचा प्रयत्न केला, पण काही केल्या तो पडेना.